मालकिणीचा अंगठा

अर्जुनी मोरगाव
४ ऑक्टोबर २००९

चि. रीता,

तू विसरली असशील म्हणून आधी ओळख सांगते. मी मनकर्णाबाई, तुझ्या बाबाची माय. वय सत्त्याहत्तरच्या आसपास, तोंडात वरचे तीन आणि खालचे दोन दात शिल्लक. हे तुझ्या ध्यानात असतं तर गेल्या महिन्यात हैदराबादहून पाठवलेली बिस्किटं जरा मऊ निघाली असती. विद्यापीठाच्या लायब्ररीत कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे तू झोपेतून उठवलं तरी सांगतेस म्हणे. आजीचे दात मात्र पाचच, तेही मोजून ठेवता आले नाहीत.

हे पत्र मनिराम लिहितो आहे. तुझ्या बाबाच्या 'तलावपट्टी' त्रैमासिकाचा मनिराम. मी 'मले' म्हणते, हा 'मला' लिहितो. वीस वर्षं प्रुफं तपासून त्याचा हात तसा झाला आहे. तेव्हा पत्र एखाद्या शहाण्या बाईचं वाटलं तर घाबरू नकोस, आत मीच आहे. तुझ्या आईला लिही म्हटलं, तर ती म्हणाली, "मी बापलेकीच्या मधात पडत नाही." फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, आणि फोन राहतो तुझ्या बाबाच्या खिशात.

तर ऐक. तुझा बाबा, देवचंद, तुझं नाव घेत नाही. जेवताना "तुमची मुलगी" म्हणतो, जसं काही तुझ्या आईनं, सुलोचनानं, तुला बाजारातून आणलं.

झालं काय, ते मला जसं समजलं तसं सांगते, चुकलं तर सुधार. नागपूरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीवाल्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की 'तलावपट्टी'चे पहिल्यापासूनचे सगळे अंक आता कॉम्प्युटरवर फुकट वाचायला मिळतात, तुमचा उपक्रम फार स्तुत्य आहे, सबब यापुढे आम्ही वर्गणी भरणार नाही. देवचंदनं ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग मनिरामला बोलावून कॉम्प्युटर लावायला सांगितला. त्यात खरंच सगळे अंक निघाले, तेवीस वर्षांचे, आणि वर तुझ्या विद्यापीठाचं नाव. मनिराम त्याला मुक्त संग्रह म्हणतो. मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाला, "काकी, बिनकुलपाचं कपाट समजा. दिसत नाही, पण जगात कोणीही उघडून वाचू शकतो."

उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा बांधलेले सगळे खंड पेटीत भरून नेलेस आणि महिन्याभरात रेल्वे पार्सलनं परत पाठवलेस. देवचंदला वाटलं, पोरीला बापाचं काम वाचायचं आहे. तो गावभर सांगत फिरला होता. आता म्हणतो, लेकीनं फोटो काढायला नेले आणि न विचारता वाटून टाकले.

त्याच्या फोनला तू एवढंच उत्तर दिलंस की परवानगी होती. कोणाची, ते सांगितलं नाहीस. चांगलं केलंस.

मनिराम लेखणी थांबवून माझ्याकडे बघतो आहे. चांगलं काय केलं, विचारतो. लिही बाबा, दिवाळीला साडी पाठवते म्हणाली, ते चांगलं केलं.

मला एकच कळत नाही. तलावाचं पाणी एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडतं, म्हणून आपल्या घरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पारीवर, तलावाच्या बांधावर, उभं राहून पाण्याच्या पाळ्या लावल्या. पण वाचलेलं पान काही आटत नाही. एकानं वाचलं काय, हजारांनी वाचलं काय, अक्षरं तिथंच. मग देवचंदचं कमी काय झालं? हे मी त्याला विचारलं, तर तो ताट सरकवून उठला. म्हणजे काहीतरी कमी झालं असणार.

तो कागद नीट ठेव. कोणता कागद, मनिराम विचारतो. रेशनचा.

तुझी आजी

अर्जुनी मोरगाव
२९ नोव्हेंबर २००९

चि. रीता,

तुझं पत्र मिळालं. मनिरामनं वाचून दाखवलं आणि मध्ये एक ओळ खाकरून सोडून दिली. काय सोडलं, म्हटलं. "तुमच्या कामाचं नाही." त्यात त्याच्याच कामाचं काही असेल. मागच्या पत्रात रेशनचा कागद लिहिल्यापासून तो माझ्याकडे तिरपं बघतो. हैदराबादेत आजीचं रेशन कायले, असं त्याला वाटलं असणार. 'कायले' तसंच ठेव रे, कधीतरी माझाही शब्द जाऊ दे.

धान निघालं. या वर्षी ओंबी हलकी आहे, पण खायला पुरेल.

आता हिशेब सांगते, पैशाचा नाही, कॉलेजांचा. सत्तेचाळीस कॉलेजं अंक मागवत होती. आता एकवीस उरली. देवचंद म्हणतो, सगळी तुझ्यामुळे गेली. मनिराम म्हणतो, आठ-दहा तर आधीपासून नुसती नावाला होती, पत्रं पाठवून पाठवून पत्त्याच्या चिठ्ठ्यांचा डिंक संपला. सुलोचना म्हणाली, "कॉलेजची ग्रँट बंद झाली, त्याले पोरगी काय करन?" देवचंद म्हणाला, "बरोबर. पण सोडायला निमित्त कोणी दिलं?" मी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मला तिघंही खरे वाटले. असं झालं की माणसानं काय करावं?

दुसरी गोष्ट. श्रीलंकेतून एक पत्र आलं आहे. इंग्रजी. तिकडंही आपल्यासारखेच जुने तलाव आहेत म्हणे. तिथल्या एका बाईनं तुझ्या त्या बिनकुलपाच्या कपाटात पहिल्या अंकातला लेख बघितला. मराठी येत नाही तर कोणाकडून तरी वाचून घेतला, आणि विचारते आहे की शेवटच्या बांधीला, म्हणजे सगळ्यात खालच्या धानशेताला, आधी पाणी का देत होते, ते जरा आणखी समजावून सांगा. देवचंदनं पत्र दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. उत्तर दिलेलं नाही. ड्रॉवर रोज उघडतो मात्र.

तो लेख माझा आहे. म्हणजे सांगितला मी, सासऱ्याकडून ऐकलेला. लिहिला देवचंदनं, नाव त्याचं. त्यात काही चुकीचं नाही, लिहिणाऱ्याचंच नाव असतं. पण माझं बोलणं समुद्र ओलांडून गेलं, आणि मी नागपूरच्या पुढे गेलेली नाही.

मनिराम सांगतो की त्या कपाटाच्या दारावर एक आकडा येतो, किती जणांनी वाचलं त्याचा. नऊशेच्या वर गेला. वाचणारे नऊशे आणि मागवणारे एकवीस. मग हे त्रैमासिक वाढतं आहे की मरतं आहे? हे कोणाला विचारावं? तू तर शिकलेली आहेस, एका ओळीत सांग. दोन ओळींत सांगशील तर मला समजेल की तुलाही माहीत नाही.

मनिरामचा तुला निरोप: १९९४ च्या पावसाळी अंकाचं चौदावं पान तू उलटं लावलं आहेस. जगातली माणसं मान वाकडी करून वाचत असतील.

आजी

अर्जुनी मोरगाव
१७ जानेवारी २०१०

रीता,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नको. हे आपल्या अंगणवाडीची प्रेमिला लिहून राहिली. तिले मी पक्कं सांगितलं, जसं बोलते तसं लिही, सोनाराकडे नेल्यासारखं घासू नको. अन् दुसरी गोठ, इथं ऐकलेलं इथंच ठेवजो. ती म्हणते, "आजी, मी चाळीस लेकरायच्या मायांचं ऐकते, तुमचं कोणाले सांगू?"

मनिराम गेला. कुठं वर नाही गेला, गोंदियाले गेला. तिथं एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवते आता, फुलचूरले खोली घेतली. तुझ्या बाबानं त्याले काढलं नाही, हे आधी सांगते. दिवाळी अंक निघाला, मग पुढच्याले कागदच आणला नाही. मनिराम रोज येऊन बसे, कॉम्प्युटर पुसे, पत्त्याच्या चिठ्ठ्या सारख्या करे. शेवटी तोच म्हणाला, "सर, मी जाऊ का?" जाताना तो माझ्या पाया पडला अन् डिंकाची बाटली माझ्यापाशी ठेवून गेला. मी काय करू तिचं? उशाशी ठेवली हाय.

जेवताना मले त्याचं तोंड दिसते. म्हणून आता त्या कागदाचं बोलते. मनिराम लिहीत होता तवा बोलता येत नव्हतं, तो तुझ्या बाबाचा माणूस.

प्रेमिलाले सुद्धा माहीत नव्हतं की मालकीण मी होय. ती हासून राहिली. हास बाई. देवचंदनं त्रैमासिक काढलं तवा जिल्हा भंडारा होता अन् तो कॉलेजात नोकरीले. नोकरीवाल्याले मालक होता येत नाही म्हणे. म्हणून कागदोपत्री मालक अन् प्रकाशक मी. भंडाऱ्याले नेलं, साहेबापुढं उभं केलं, डाव्या हाताचा अंगठा घेतला. साहेबानं विचारलं, "बाई, काय छापणार?" मी म्हटलं, "माझा पोरगा छापन ते." तो बी हासला होता. तवापासून जिथं लागला तिथं अंगठा. दरसाल फेब्रुवारी सरला की पुढच्या अंकात शेवटच्या पानावर चौकट छापतात. मालकाचं नाव मनकर्णाबाई, राष्ट्रीयत्व भारतीय. मधात तुझ्या आजोबाचं नाव राहते, ते मी घेत नाही, पण छापलं तर चालते.

तर उन्हाळ्यात तू तो कागद काढला. म्हणाली, "आजी, हे अंक सगळ्याईले वाचाले ठेवायचे हायेत, मालकाची सही लागते." मी अंगठा देला. मले का माहीत त्यानं कॉलेजं सुटतीन, मनिराम जाईन? मी अडाणी बाई. समजलं नाही, देऊन टाकला. असंच झालं ना?

तू तो कागद बाबाले दाखवला असता तर तुझी तवाच सुटका होती. काऊन नाही दाखवला? तुझ्या पत्रातली ती ओळ, मनिरामनं खाकरून सोडलेली, मी प्रेमिलाकडून वाचून घेतली. तू लिहिलं, "मी कागद दाखवणार नाही, या वयात आजीला बाबांचं बोलणं ऐकायला लागू नये." म्हणजे मनिरामले दोन महिन्यापासून सगळं समजलं होतं. त्यानं तुझ्या बाबाले सांगितलं नाही, मले विचारलं नाही, बाटली ठेवून गेला.

आता मी कोणाकोणाची देणेकरीण झाली हेच मले उमगत नाही.

आजी

अर्जुनी मोरगाव
९ मार्च २०१०

रीता,

प्रेमिलाच हाय. तिच्या हाताले शाई लागली तर तिची पोरं अंगणवाडीत तिले हासतात, म्हणून लवकर सांगते.

अंक निघाला. पातळ हाय, चाळीस पानांचा. पोवारी बोलीवर एक लेख अन् बाकी जुनंच. देवचंदनं स्वतः टाइप केला, दोन बोटानं. चौकट छापली, मालक मनकर्णाबाई. सुलोचनानं मले बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं नाव. मी म्हटलं, एवढं लहान? ती म्हणाली, "मालकाचं लहानच राहते."

आता घोर लागला तो सांगते. सडक अर्जुनीचा एक वकील येऊन राहिला घरी, चारचारदा. नोटीस बनवली, तुझ्या विद्यापीठाच्या नावानं. अंक ताबडतोब काढा, नुकसान भरा, नाहीतर कोर्ट. तुझी आई या बारीले सरळ मधात पडली. म्हणाली, "पोरीची नोकरी मे महिन्यात पक्की होते. नोटीस गेली त ते विचारतीन, हे कोणी ठेवलं? बोट कोणाकडं जाईन?" देवचंद म्हणाला, "नोटीस विद्यापीठाला आहे, तिला नाही." सुलोचना म्हणाली, "विद्यापीठाले नाक नाही कापाले. पोरीले हाय."

मग वकिलानं कागद उलटेपालटे केले अन् म्हणाला, "सर, नोटीस तुमच्या नावानं जाणार नाही. मालक तुम्ही नाही. आईचा अंगठा लागन."

रीता, मी भाताचं ताट घेऊन बसली होती. घास तोंडातच राहिला.

एका कागदावर मी म्हटलं ठेवा, अन् दुसऱ्या कागदावर म्हणू काऊन ठेवले? एकाच अंगठ्यानं? वकिलानं शाईची डबी काढली. मी म्हटलं, अंगठा भाजला, पेज उतरवताना. अन् आत जाऊन खरंच हळद लावून चिंधी बांधली. तो म्हणाला, उजव्या हाताचा चालन. मी म्हटलं, माझ्या उजव्या हाताचा अंगठा सरकारनं कधी पाहिला नाही, त्याले ओळख कोण देईन? तो गेला, एक इतवार सोडून पुढच्या इतवारी येतो म्हणे.

सांजचं देवचंदनं माझ्यासाठी बरनॉल आणलं. स्वतः चिंधी सोडाले बसला तर मी हात वढून घेतला. पोटच्या पोरापासून अंगठा लपवून राहिली मी, या वयात.

तुझी बिस्किटं तशीच कपाटावर हायेत. माझी नाही, दुसऱ्या डब्यातली खारी, तुझ्या बाबाच्या आवडीची. तो त्या कपाटातून रोज पुस्तक काढते, डबा सरकवते, पुस्तक घेते, डबा परत जागेवर ठेवते. खात नाही अन् फेकत बी नाही.

प्रेमिला म्हणते, "आजी, सांगून टाका." सांगणं सोपं हाय का? नऊशे वाचणाऱ्याईची बाजू घेऊ का एका मनिरामची? तू म्हणते वाचणं सगळ्याईचं. तुझा बाबा म्हणते वीस लेखकाईले पत्रं लिहून, तपासून, दुरुस्त करून, छापून कोण देईन, कपाट देईन का? तुमी दोघं बोलता तवा मले दोन्हीकडं हो म्हणावंसं वाटते. मान दुखून राहिली.

आजी

अर्जुनी मोरगाव
२१ मार्च २०१०

चि. रीता,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं हाय. पहिल्यांदा पाटीवर त्यानंच तुले शिकवलं.

झालं असं. आज इतवार. वकील बाहेर बसून चहा पिऊन राहिला. देवचंद शाईची डबी घेऊन आत आला, म्हणाला, "माय, चिंधी सोड. काही भाजलेलं नाही, मला माहीत आहे." मी म्हटलं, अंगठा देते. पण आधी माझं एक पत्र लिहून दे, तुझ्या पोरीले. जसं बोलते तसं, एक अक्षर इकडचं तिकडं नको. तो म्हणाला, "मी तिला पत्र लिहीत नाही." मी म्हटलं, तू कुठं लिहून राहिला, मी लिहून राहिली, तू नुसता हात होय. तेवीस वर्षं माझा अंगठा तुझा होता, आज घडीभर तुझा हात माझा.

बसला लिहाले.

लिही. रीतानं चोरी केली नाही. उन्हाळ्यात तिनं मालकाकडून कागद करून घेतला. त्या कागदावर माझा अंगठा हाय.

थांबला. चष्मा काढून पुसून राहिला. पुस. मी बसली हाय.

तो म्हणते, "माय, तुला फसवलं तिनं. तुला काय समजणार त्यातलं." हे बी लिही. लिहिलं का? आता माझं लिही. मी प्रेमिलाजवळ सांगितलं की मले समजलं नाही, अडाणी बाई. ते खोटं होतं. मले समजलं होतं. रीतानं तीन दुपारी बसून सांगितलं होतं, कपाट म्हणजे काय, कुलूप नाही म्हणजे काय. हे बी सांगितलं होतं की काही कॉलेजं वर्गणी बंद करू शकतात, काही चालू ठेवतीन, नक्की कोणीच सांगू शकत नाही. अन् ती म्हणाली होती, "आधी बाबांना विचारू." नको मीच म्हटलं. मी म्हटलं, मालक कोण, मी का तो?

लिही देवचंद. यात तुझा अपमान नाही.

तेवीस वर्षांत तू माझ्यापुढं कितीक कागद ठेवले. बोट ठेवून दाखवलं, इथं. मी कधी विचारलं नाही काय लिहिलं, अन् तू कधी सांगितलं नाही. मले त्याचं वाईट वाटलं नाही, मले माहीतच नव्हतं की वाईट वाटाले पाहिजे. मग या पोरीनं कागद ठेवला अन् बोट नाही ठेवलं. वाचून दाखवला. पुरा. मग म्हणाली, "आजी, तुझी मर्जी असेल तरच." माझी मर्जी. मी इकडं तिकडं पाहिलं का ती कोणाले विचारून राहिली. त्या घडीले, पोरा, मले मनिराम आठवला नाही, कॉलेजं आठवली नाहीत, तू बी आठवला नाही. मी अंगठा असा दाबला की शाई पलीकडच्या पानावर उठली.

हे पाप होय का नोहे, मले उमगत नाही. मनिरामची बाटली पाहिली की वाटते, होय. श्रीलंकेच्या बाईचं आठवलं की वाटते, नोहे. ते तिचं पत्र तू ड्रॉवरमध्ये ठेवलं, अन् रोज काढून पाहते, मी पाहून राहिली. तिले उत्तर दे. शेवटच्या बांधीले आधी पाणी यासाठी की वरच्या बांधीवाल्याची नजर पाण्यावर राहतेच, खालच्याले पाणी पोचलं का नाही हे कोणी पाहाले जात नाही. त्यालेच आधी देऊन टाकलं की वरचा आपसूक राखण करते, खाली पुरतं गेल्याबिगर त्याची पाळी येत नाही. एवढंच होय. हे पहिल्या अंकात तू अर्धंच लिहिलं होतं.

तो म्हणते, "अर्धं नाही, जागा कमी होती." बरं, जागा कमी होती.

आता नोटिशीचं. मी शब्द देला, अंगठा देईन. पण कोर्टात तो कागद निघाला तर साहेब विचारन, बाई, दोन्ही अंगठे तुमचेच ना? मी हो म्हणीन. मग तुझाच खटला मालकावर, अन् मालक तुझी माय. वकिलाचा चहा पिऊन होत आला, लवकर ठरव.

देवचंदनं डबीचं झाकण लावलं. टक् वाजलं. मी पाहून राहिली.

रीता, आता तुझंबी ऐक. तुझी बाजू घेतली म्हणून लई फुगू नको. आपल्या तलावात मासोळी राहते. ती पहिले मासे धरणारा ढिवर काढते, त्यानंच मासोळीचं बीज टाकलं, त्यानंच राखलं, चार महिने जाळ्यावर बसला. त्याचं काढून झालं की मग उन्हाळ्यात तलाव गावासाठी खुला होते. मंग लहानथोर, ज्याच्या हाताले जे लागन ते त्याचं, कोणी कोणाले अडवत नाही. पहिल्या दिवशीच खुला केला तर पुढच्या साली बीज कोण टाकन? तू पहिल्या दिवशीच खुला केला. जुने अंक राहू दे तिथं, ते झालं. पण नवा अंक निघाला की एक वर्ष तुझ्या बाबाचा, मंग सगळ्याईचा. असं होते का तुझ्या कपाटात? तुले विचारलं.

हा मधातच म्हणते, "एक वर्षानं काय होतं, दोन पाहिजेत." मी म्हटलं, एक. तो म्हणते, "माय, तुला छपाईचं माहीत नाही. दोन." तुमी दोघं ठरवा, मले दोन अन् एकाच्या मधात टाकू नका. फोन तुझ्या बाबाच्या खिशात राहते, नंबर तुले पाठ असन.

मनिरामचं काय, ते याच्यात कुठंच बसत नाही. मी याले विचारलं, हा मान खाली घालून लिहूनच राहिला. तुले बी विचारते. चौदावं पान अजून उलटंच असन, तर ते सरळ कराले तरी कोणी पाहिजे का नको? उत्तर येईपर्यंत बाटली उशाशीच राहीन.

वकिलाले सांगाले तुझी आई गेली. काय सांगितलं माहीत नाही, पण तो दुसरा चहा न पिता उठला.

आता पुरे. लिहिणाऱ्याचा हात दुखून राहिला, टाइप करून करून अक्षर बिघडलं म्हणते. या बारीले बिस्किटं पाठवजो तर मऊ पाठवजो, चहात बुडवली की विरघळतीन अशी, गोड. अन् संगं खारीचा एक डबा ताजा पाठवजो, कपाटावरचा जुना झाला. खारी मी खात नाही, हे यालेबी माहीत हाय अन् तुलेबी. तरी मी सांगून राहिली, अन् हा लिहून राहिला. लवकर पाठवजो.